आधी गोंडा बांध, मग नदीवर जा

तर शेजारणीनं तुला मासे धरायला नदीवर बोलावलं, तू भिडेपोटी 'हो' म्हणालीस, आणि आता रात्र रात्र मोबाइलवर काठ्या, दोऱ्या, रिळं आणि रबरी विजारी बघत बसली आहेस. आधी झोप बरं. त्यातलं निम्मं सामान तुला लागणारच नाही आणि उरलेलं शेजारीण देणार आहे. मेहकरची पोर क्लीव्हलँडला येऊन पहिला हिवाळा काढते, बर्फात गाडी चालवायला शिकते, या गारठ्यात डोशाचं पीठ आंबवून दाखवते, तिला एक मासा काय घाबरवणार गं?

खरं सांगू का, हे बाईमाणसाचं काम नव्हे असं मलाही वाटायचं. आमच्या चिखलीहून बुलढाण्याला जाताना येळगावचं धरण लागतं. तिथं काठावर पोरं कणकेची गोळी गळाला लावून तासन् तास बसलेली दिसायची आणि आम्ही मुली एसटीच्या खिडकीतून नुसतं बघायचो. खाली उतरून बसावं असं कधी मनातही आलं नाही. इथं आल्यावर दारामागेच नदी, तिच्यात कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या साठीच्या बायका, आणि घरी मी एकटी. मग म्हटलं, आता विचारायचं तरी कोणाला?

आधी मासा कोण ते ऐक. स्टीलहेड म्हणजे रेनबो ट्राउटच, मुन्नारला किंवा हिमाचलात ताटात येतो तोच. फरक इतकाच की हा नदीत जन्मून समुद्रात जातो, तिथं खाऊनपिऊन चांगला दांडगा होतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत येतो. त्याचं मूळ घर पॅसिफिकच्या काठाला, रशियातल्या कामचाटकापासून कॅलिफोर्नियापर्यंत. आपल्या इकडच्या मोठ्या सरोवरांत तो माणसानं आणला. मिशिगनच्या ओ सेबल नदीत १८७६ साली सोडला ती सुरुवात. म्हणजे आपल्या दारामागच्या रॉकी रिव्हरमधल्या माशानं समुद्र कधी पाहिलेलाच नाही. लेक ईरी हाच त्याचा समुद्र. बुलढाण्याच्या बाईला हे लगेच पटतं बघ. लग्न होईपर्यंत मीही समुद्र सिनेमातच पाहिला होता.

आणि हे मासे बहुतेक सगळे सरकारी. ओहायोचं वन्यजीव खातं मिशिगनहून अंडी आणतं, कॅस्टालियाच्या केंद्रात पिल्लं वाढवतं आणि दर वसंतात चार लाखांहून जास्त पिल्लं रॉकी, शग्रिन, ग्रँड, व्हर्मिलियन अशा नद्यांत सोडतं. वीतभर पिल्लू सरोवरात उतरतं, दोनेक उन्हाळे तिथं काढतं आणि साधारण दोन फुटांचं, दोन-अडीच किलोचं होऊन परत येतं. पावसाळी ऑक्टोबरपासून थोडे थोडे चढायला लागतात, खरी गर्दी मार्च-एप्रिलला. इथं अंडी घालतात, पण उन्हाळ्यात या नद्यांचं पाणी इतकं तापतं की पिल्लं तग धरत नाहीत, म्हणून दरवर्षी नवी सोडावी लागतात.

तुझ्या नवऱ्याला नदीच्या पाण्याचीच भीती वाटतेय म्हणालीस. त्यानं कुठंतरी वाचलं असणार की क्लीव्हलँडच्या नदीला आग लागली होती. लागली होती, १९६९ साली, पण ती कायाहोगा. तेलाचा तवंग पेटला होता. त्यानंतर देशभर ओरड झाली, १९७२ चा स्वच्छ पाण्याचा कायदा आला, आणि आता त्या कायाहोगातही स्टीलहेड चढतात. सांग त्याला.

आता मुद्द्याचं. नदीत आल्यावर या माशाची भूक मंदावते, पण अंड्याला तो सहसा नाही म्हणत नाही. अंडं म्हणजे नुसती चरबी आणि प्रथिनं, तेही पाण्यावर वाहत तोंडाशी आलेलं, मागं धावायला नको. मादी शेपटीनं खडीत खळगा करून अंडी घालते तेव्हा त्यातली काही निसटून प्रवाहाला लागतातच. शिवाय वसंतात सकर नावाचा मासा येतो, तळ चाटत फिरणारा, खालच्या बाजूला तोंड असलेला. त्याची फिकट पिवळी अंडी घोसाघोसानं वाहतात. आणि बघ, माशाला हात नाहीत. समोरून काही वाहत आलं आणि ते काय आहे हे पाहायचं असेल तर त्याला ते तोंडातच घ्यावं लागतं. आपल्याला तेवढा क्षण पुरतो.

म्हणून म्हणते, काठी फिरवायला शिकण्याआधी घरात बसून लोकरीची नकली अंडी बांधायला शीक. बाहेर बर्फ पडत असतो, नवरा ऑफिसात असतो, आणि त्या लांबलचक दुपारींचं काय करायचं हा तुझा दुसरा प्रश्न होताच ना?

पोळ्याला बैलांच्या शिंगांना बांधायचे लोकरीचे गोंडे आठवतात? लोकर जमवायची, मधोमध दोऱ्यानं करकचून आवळायची आणि कडा कातरून गोल करायच्या. ग्लो बग नावाचं जे अंडं आहे ते म्हणजे वाटाण्याएवढा गोंडा, फक्त हुकावर बांधलेला. तुझ्या आजीनं तुला गोंडा करायला शिकवला असेल तर अर्धं काम झालेलं आहे.

टेबलाच्या कडेला व्हाइस घट्ट बसव. फिटरच्या दुकानात असतो तोच प्रकार, फक्त मुठीएवढा. त्याच्या जबड्यात हुकाचा बाक धर, दांडी आडवी राहू दे. हूक आखूड दांडीचा घ्यायचा, दहा किंवा बारा नंबरचा. नंबर वाढला की हूक लहान होतो, हे उलटं गणित डोक्यात पक्कं कर, नाहीतर दुकानातून भलतंच घेऊन येशील. दोरा मजबूत हवा. शिवणाचा साधा दोरा ऐन ओढायच्या वेळी तुटतो आणि लोकर घरभर उडते. लोकरही वेगळी मिळते, ग्लो बग यार्न याच नावानं, पीळ नसलेली, सुटी. स्वेटरची लोकर यासाठी नको, कातरल्यावर ती फुलत नाही.

दांडीच्या मधोमध दोऱ्याचे सहा-सात वेढे घेऊन बैठक कर. मग लोकरीचे तीन तुकडे, प्रत्येकी बोटभर लांब, एकावर एक ठेवून त्या बैठकीवर धर. हवी तर मध्ये वेगळ्या रंगाची एक बारीक बट घाल, अंड्यात डोळ्यासारखा ठिपका दिसतो. आता लोकरीच्या मध्यावर दोन सैल वेढे, आणि मग दोरा सावकाश, पण तुटेल तुटेल असं वाटेपर्यंत ओढायचा. लोकर दोन्हीकडून उभी राहते. त्याच जागी आणखी दोन-तीन वेढे, एक वेढा लोकरीच्या बुडाभोवती, मग दोरा पुढे हुकाच्या नाकाशी आणून गाठ मारायची आणि कापायचा. गाठीवर नेलपॉलिशचा थेंब चालतो, बिनरंगी असलं तर उत्तम. माझ्या काही अंड्यांना मोतिया गुलाबी नाक आहे, कारण त्या दिवशी घरात तेवढंच होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सगळी लोकर डाव्या हाताच्या चिमटीत एकत्र धरून सरळ वर ताण. कात्री हुकापासून पाव इंचावर आण. आणि एका झटक्यात काप. एकाच. घाबरत घाबरत कुरतडलीस की अंड्याला कोपरे येतात. एका कापात लोकर सुटते, खाली उतरते, भोवती पसरते आणि हुकावर गोळा उभा राहतो. पहिल्यांदा ते होताना बघशील ना, आपोआप हसू येईल तुला. मग बोटांनी जरा ओढून, फिरवून खालची बाजू भरून काढ. फक्त हुकाच्या टोकापाशी जागा मोकळी राहिली पाहिजे. अंडं गलेलठ्ठ झालं तर माशाच्या तोंडात लोकर लागते, हूक लागतच नाही. माझं पहिलं अंडं हातात घेऊन आमच्या ह्यांनी विचारलं होतं, "माशाचं आहे का कोंबडीचं?"

कात्री मात्र यासाठी वेगळी ठेव आणि तिला कोणाला हात लावू देऊ नकोस. बोथट कात्रीनं ग्लो बग होत नाही, तिथं कितीही हुशारी दाखव.

दुसरा प्रकार सकर स्पॉन. हा ईरीच्या काठावरचा लाडका. यात कातरणं जवळजवळ नाहीच. मऊ लोकरीचे दोन-तीन पदर हुकाच्या मागच्या बाजूला बांधायचे, छोटासा फेर सोडून दोऱ्यानं दाबायचा, जरा पुढे सरकून पुन्हा फेर, पुन्हा दाब. नाकापर्यंत येईस्तोवर अंड्यांचा घोस तयार. तुला क्रोशाची सवय आहे, तेव्हा हा ग्लो बगपेक्षा लवकर जमेल. फेर सारखे आले नाहीत म्हणून उसवत बसू नकोस. खऱ्या अंड्यांचा घोस काही मोजूनमापून लागलेला नसतो.

रंगांची यादी बघून तुझं डोकं गरगरलं असेल. पाणी गढूळ असलं तर मोठं आणि भडक: शेंदरी, पोपटी, गडद गुलाबी. पाणी नितळ असलं तर लहान आणि फिकं: पीच, फिकट पिवळं, पांढरं. सुरुवातीला शेंदरी, पीच आणि फिकट पिवळी अशा तीनच लोकरी घे. बाकीच्या दुकानदाराच्या पोटासाठी आहेत.

नदीवर एखादे काका भेटतील आणि तुझ्या डबीत डोकावून म्हणतील, अंडं म्हणजे काही फ्लाय नव्हे, लोकरीचा गोळा कोणीही बांधेल. फ्लाय म्हणजे पिसांचा, केसांचा, पंख असलेला किडा, अशी त्यांची व्याख्या. काहीजण तर लोकरही वापरत नाहीत, हुकाच्या वर दोन बोटांवर प्लास्टिकचा मणी अडकवतात, आणि मग तो फ्लाय की नाही यावरून बापे माणसं तावातावानं भांडतात. तू 'हो काका' म्हण आणि तुझं अंडं पाण्यात टाक. मला विचारशील तर मासा नदीत जे खातो त्याच्यासारखं हातानं बनवलं की तो फ्लाय झाला.

पिसांवरून आठवलं. पुढं हौस वाढली की तू मोरपिसाचे धागे वापरायला लागशील, सगळेच वापरतात. पण म्हणून माहेरून येताना शेतातली मोरपिसं बॅगेत भरून आणू नकोस हं. ती देशाबाहेर न्यायला बंदी आहे. सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेची ठिपक्यांची पिसंही इथल्या जुन्या फ्लाय बांधणाऱ्यांना जीव की प्राण, त्यांचीही तीच गत. इथं दुकानात कायदेशीर मिळतात ती घे आणि विमानतळावर रडू नकोस.

आता नदी. तुला वाटतंय की काठी लांबवर फेकायला ताकद लागते आणि आपल्याला ते जमणार नाही. जोन वुल्फ नावाच्या बाईनं १९५१ साली लांब फेकीच्या स्पर्धेत सगळ्या पुरुषांना मागं टाकलं होतं, तेव्हा ताकदीचं कौतुक राहू दे. आणि रॉकी रिव्हरवर तेवढं लांब फेकायचं असतंच कुठं? बहुतेक मासे तुझ्यापासून दोन गाड्या लावता येतील एवढ्या अंतरावर असतात.

खरं काम फेकल्यानंतर सुरू होतं. अंडं पोहत नाही. ते प्रवाहाच्या वेगानं, तळाच्या जरा वरून, मुकाट वाहत जातं. तुझंही तसंच गेलं पाहिजे. वरचं पाणी तळच्या पाण्यापेक्षा जोरात धावतं, त्यामुळे दोरीला पोट सुटतं आणि ती अंड्याला फरफटत नेते. फरफटणारं अंडं मासा घेत नाही. म्हणून दोरी पाण्यावर पडली की काठीचं टोक उचलून ते पोट प्रवाहाच्या वरच्या बाजूला उलटून टाकायचं. याला मेंडिंग म्हणतात. शेजारीण एकदा करून दाखवेल, तू दहादा करशील, अकराव्यांदा हाताला कळेल. वर तरंगणारा छोटा गोळा असतो, इंडिकेटर. तो थांबला, तिरपा झाला, बुडाला की काठी उचल. बहुतेक वेळा तळाचा दगडच असतो. उचल तरी.

दोरीला शिशाचे बारीक मणी चिमटून लावतात, अंडं खाली जावं म्हणून. सगळे ते दातानं दाबतात. तू दाबायचं नाहीस, मला शपथ आहे. शिसं विषारी. कथलाचेही मणी मिळतात, तेच आण, आणि ते पक्कडीनं दाब. तुला बाळाचा विचार करायचा आहे असं मागं म्हणाली होतीस, म्हणून हे दोनदा सांगते.

आणि घसरण्याची भीती खरी आहे, ती सोडू नकोस. या नदीचा तळ शेलचा, पाटीच्या दगडासारखा थराथराचा, आणि त्यावर शेवाळ. तळाला खिळे असलेले बूट घे, निदान पहिल्या दिवशी शेजारणीकडून घे. छातीपर्यंतची ती रबरी विजार घातलीस की कमरेचा पट्टा घट्ट आवळायचाच. पडलीस तर पट्ट्यामुळे आत फारसं पाणी भरत नाही. हातात काठी घे, देवदर्शनाला डोंगर चढणारे म्हातारे घेतात ती. प्रवाहाला तोंड देऊन नाही, कूस देऊन उभी राहा, आणि एक पाय पक्का बसल्याशिवाय दुसरा उचलू नकोस. काठाला बर्फाची पापडी दिसली की तिच्यावर पाय द्यायचा नाही, खालून पाणी पोखरतं. पहिल्या वर्षी गुडघ्याच्या वर पाणी तुला बंद. नदीवर जायला मिळतंय तेवढं पुष्कळ, पलीकडच्या काठावर कोणी लाडू वाटत नाहीये.

निघण्याआधी बेरिआजवळ नदीचं पाणी मोजायचं सरकारी ठिकाण आहे, त्याचे आकडे मोबाइलवर दिसतात. पाऊस झाल्यावर नदी चॉकलेटी होते, तेव्हा घरीच बस आणि अंडी बांध. एक-दोन दिवसांत ती उतरते आणि हिरवट होते, तळाचा दगड अंधूक दिसेल इतपत. तो दिवस धरायचा. पाणी चाळीस फॅरनहाइटच्या, म्हणजे साडेचार सेल्सियसच्या खाली गेलं की मासे सुस्तावतात, खोल डोहात पडून राहतात. तेव्हा अंडं त्यांच्या अगदी नाकासमोरून, सावकाश न्यावं लागतं. ज्या दिवशी काठीच्या कड्यांत बर्फ धरतो, त्या दिवशी तव्यावर मारायचा तेलाचा फवारा कड्यांना मार. हा उपाय मी काढलेला नाही, इथं पुरुषही सर्रास करतात आणि बायकोच्या स्वयंपाकघरातूनच चोरतात.

पायात मोजे एकावर एक चढवू नकोस. बूट आवळला की रक्त फिरत नाही आणि पाय आणखी गार पडतात. एकच जाड लोकरीचा, आणि आत बोटं हलली पाहिजेत. जे कोणी सांगत नाही ते मी सांगते: पाण्यात उतरण्याआधी पार्किंगजवळच्या बाथरूमला जाऊन ये. एवढे कपडे उतरवायला अर्धा तास लागतो आणि थंडीत ते सुचतं तेव्हा उशीर झालेला असतो.

परवान्याचं विसरू नकोस. ओहायोत सोळा वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही मासे धरायचे तर परवाना लागतो, मासा सोडून द्यायचा असला तरीही. राज्याच्या नैसर्गिक साधनसंपत्ती विभागाच्या साइटवर घरबसल्या निघतो. हिवाळ्याच्या हंगामात दिवसाला दोनच स्टीलहेड ठेवता येतात.

ठेवायचे का, हा तुझा खरा प्रश्न आहे, नाही का? सासूबाई माळकरी, आषाढीला पंढरपूर, शेगावची वारी, आणि सून क्लीव्हलँडला गळ टाकून उभी. निरोपात तू हे अगदी शेवटी, घाईघाईत लिहिलं होतंस, म्हणजे मनात पहिलं तेच असणार.

मी तुला खोटं सांगणार नाही. मासा सोडून दिला तरी त्याला त्रास होतोच. हूक तोंडात रुततो, मासा दमतो, घाबरतो. 'काही नाही होत' म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. मला जमतं, म्हणून मी करते, पण तो त्रास कमी करायची जबाबदारी माझी, एवढं मी मानते. हुकाचा काटा पक्कडीनं दाबून सपाट करायचा म्हणजे तो चटकन निघतो. फार बारीक दोरी लावून माशाला तासभर खेळवायचं नाही. हात ओले केल्याशिवाय त्याला धरायचं नाही, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो. काठावर वाळूत ओढायचं नाही, कल्ल्यात बोटं घालायची नाहीत. फोटो काढायचाच तर तो पाण्यातच, पटकन. मग तोंड प्रवाहाकडे करून हलकेच धरून ठेवायचं, तो आपला आपण निघून जातो. सॅमनसारखा हा अंडी घालून मरून जात नाही. बरेच मासे सरोवरात परततात आणि पुन्हा येतात, म्हणून सोडण्याला अर्थ आहे.

आणि वसंतात तळाला एखादा खडीचा स्वच्छ, उजळ तुकडा दिसला, आजूबाजूचे दगड शेवाळलेले आणि तो मात्र घासल्यासारखा, तर ती अंडी घातलेली जागा. तिच्यावर पाय द्यायचा नाही आणि तिथं बसलेल्या माशावर गळ टाकायचा नाही. लोक टाकतात. टाकू देत. बाळंतिणीच्या खोलीत शिरून कोणी वस्तू विकतं का?

घरी आणून खायचा असेल तर तोही तुझा हक्क आहे, पण लेक ईरीच्या माशांत पीसीबी नावाची जुनी कारखानी घाण साठते, त्यामुळे किती खावेत याच्या राज्याच्या सूचना आहेत. बाळाच्या विचारात असलेल्या बाईनं त्या वाचल्याशिवाय घास घेऊ नये.

आणि समज हे सगळं ऐकून तुझ्या मनानं 'नको' म्हटलं, तर नको. बांधत राहा. स्कॉटलंडमध्ये ब्रोरा नावाच्या गावाजवळ मेगन बॉइड नावाची बाई राहायची. वीज-पाण्याची धड सोय नसलेल्या घरी, खिडकीशी बसून आयुष्यभर तिनं सॅमनसाठी फ्लाय बांधले. राजघराण्यातली माणसं तिची गिऱ्हाइकं. स्वतः मात्र ती मासे धरायला जात नसे. १९७१ साली तिला ब्रिटिश एम्पायर मेडल जाहीर झालं, तर ती लंडनला गेली नाही, म्हणाली त्या दिवशी कुत्र्याला सांभाळायला कोणी नाही. मला ही बाई फार आवडते. तू डबीभर अंडी बांधून शेजारणीला दिलीस आणि काठावर थर्मास घेऊन बसलीस, तर त्यात कमीपणा काय आहे? सासूबाईंनाही फोनवर बिनधास्त सांग, लोकरीचे गोंडे करते म्हणून. खोटं थोडंच आहे?

नवऱ्याला काय सांगू, असंही विचारलं होतंस. त्याला सांग, शनिवारी सकाळी भाजी तू कर. बस. त्याच्या परवानगीचा कागद नदीवर कोणी मागत नाही.

आता ऐक. उद्या दुपारी माझ्याकडे ये. माझा जुना व्हाइस आणि दोन रिळं दोरा देते, हूक आणि लोकर येताना दुकानातून घे: दहा नंबर, आखूड दांडी, शेंदरी, पीच, फिकट पिवळी. विसरशील म्हणून पुन्हा लिहिलं. येताना चष्मा आण, आणि हातमोजे बोटं कापलेले असतील तर तेही, नसतील तर जुना एक जोड आपण कापू. शेगावची कचोरी भावानं पाठवली आहे, तेलकट हातानं लोकरीला शिवायचं नाही या अटीवर मिळेल. शनिवारी सकाळी सहाला बेरिआचा आकडा बघ. नदी हिरवी असेल तर मला फोन नको करू, थेट निघ, मी पुलाखालच्या पार्किंगमध्ये असेन.